गूळ न खाणारे

सांडपाण्याच्या टाक्यांपाशी कंपनीने धर्माजीकाकांना एक खुर्ची दिली होती. चार वर्षांत त्या खुर्चीत मी त्यांचा डबा बसलेला पाहिला, छत्री बसलेली पाहिली, एकदा तर वॉचमनची मांजर तिच्यात व्याली. काका मात्र कधी बसले नाहीत.

आमचा कारखाना साजगावच्या बाजूला आहे, औषधांना लागणारा कच्चा माल बनवणारा. मी तिथल्या लॅबमध्ये केमिस्ट. रोज शेलूहून येते, कर्जतला गाडी बदलते, आणि खोपोलीची गाडी पाच मिनिटं उशिरा आली तरी माझं डोकं फिरतं. सांगायचं काय, मीही काही शांत स्वभावाची नाही. पण काकांपुढे मी म्हणजे गरीब गाय.

त्यांचं वय बावन्न. शाळा नववीत सुटली. मग खोपोलीच्या एका कागद कारखान्यात लगदा ढवळला, तो बंद पडल्यावर टेंपो चालवला, लग्नांचे मांडव घातले, विहिरींचे पंप दुरुस्त केले. एका जागी मन रमेना. बायको गेली, घरात म्हातारी आई येसूबाई आणि लहानगी दर्शना उरली, तेव्हा कुठे आमच्या कंपनीत ऑपरेटर म्हणून टिकले. तेही मला वाटतं एवढ्यासाठीच की आमच्या टाक्यांवर हात घालायला शंभर व्हॉल्व्ह आहेत. हा अर्धा फिरव, तो पाव सोड, फेस ओढ, पाइप ठोकून बघ. एक काचेचं उभं लिटरचं माप असतं, त्यात टाकीतलं पाणी भरून ठेवायचं आणि अर्ध्या तासात गाळ किती खाली बसतो ते बघायचं. काकांना तो अर्धा तास कधी जमला नाही. माप भरून ठेवायचे, मधल्या वेळात पंप धुऊन यायचे.

टाकी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. मोठा हौद, तळातून हवा सोडलेली, त्यामुळे पाणी सारखं उकळल्यासारखं दिसतं. रंग टपरीवरच्या चहाचा. त्या रंगात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि ते कारखान्याची घाण खातात. सगळे कारखानेवाले त्याला ‘कल्चर’ म्हणतात. काका म्हणायचे ‘जित्राबं’. गोठ्यातली जशी, तशी पाण्यातली.

“मॅडम, जित्राबाची दोनच दुखणी. एक मार, दुसरं उपास. इथं मारतंय कोण? म्हंजे उपाशी हायेत,” असं त्यांचं वैद्यकशास्त्र. कल्चर जरा मलूल दिसलं की शेणाचं पाणी आणि गुळाची ढेप. हे काही त्यांनी एकट्यानेच काढलेलं नव्हे. आमच्या पट्ट्यातल्या निम्म्या कारखान्यांत टाकीशेजारी गुळाची ढेप असते, आणि निम्मे ऑपरेटर येता-जाता त्यातला खडा तोंडात टाकतात.

तर जानेवारीत आमच्याकडे हवेचा ब्लोअर दोन दिवस बंद पडला, आणि नेमकं त्याच वेळी कुठल्या तरी धुलाईचं ॲसिड टाकीत आलं. कल्चर मेलं. काकांनी शेण-गूळ घालून आठ दिवसांत ते पुन्हा उभं केलं. चहाचा रंग आला, बाहेर पडणारं पाणी नितळ झालं, घाण मोजायच्या बाकी सगळ्या परीक्षा पास. एक सोडून. अमोनिया. कायद्याने लिटरमागे पन्नास मिलिग्रॅम चालतो, आमचा एकशे अठ्ठ्याऐंशी. आधी तो पस्तीस-चाळीस असायचा. का असायचा, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. चालतंय ना, मग कशाला खोलात शिरा, हा आमचा सगळ्यांचाच बाणा.

ते नितळ पाणी कुंपणामागच्या ओहोळात जातं आणि ओहोळ किलोमीटरभर खाली काकांच्या गावाशेजारून वाहतो. फेब्रुवारीत ओहोळात आमच्या पाण्याशिवाय दुसरं असतं काय? मासे मरून उलटे तरंगले. गुरं पाण्याला तोंड लावीनात. कपडे धुणाऱ्या बायका नाकाला पदर लावून परत येऊ लागल्या.

एका सोमवारी काका आले ते थेट लॅबमध्ये. चप्पल बाहेर काढायचं विसरले होते.

“मॅडम, तीस दिवस बोललोय.”

“कुणाला?”

“गावाला. काल सभा झाली. तीस दिवसांत अमोनिया पन्नासच्या खाली. तिसाव्या दिवशी गाव सोताच्या हातानं बाटली भरणार, तुमी त्यांच्यासमोर टेस्ट करणार. नाय उतरला, तर मी हे काम सोडणार. मग गावानं गेटला टाळं लावलं तरी मी आडवा येणार नाय.”

मला असा राग आला म्हणता. टेस्ट मी करणार, आणि मलाच विचारलं नाही! “तुम्ही कोण तारीख देणारे? मालक तुम्ही की कंपनी?”

“मी ऑपरेटर हाय,” ते म्हणाले, आणि तोवर त्यांचा हात माझ्या बेसिनचा गळका नळ आवळायला लागला होता.

मग गुळाचा सपाटा सुरू झाला. मागणीच्या कागदावर सही माझी, हे इथेच सांगून टाकते. रोज दोन ढेपा फोडून, पिंपात विरघळवून टाकीत. शेण गावातून पोत्याने. कल्चर असं फोफावलं की मापातला गाळ अर्ध्याच्या वर गेला. मग काका रोज गाळाचा व्हॉल्व्ह उघडून जास्तीचा गाळ बाहेर काढायचे, दाबून त्याच्या वड्या करायचे आणि मला बोलावून दाखवायचे. “बगा, कशी अंगानं भरलीत!” दिवसभर त्यांचा पाय ठरत नव्हता आणि मला ते बघूनच बरं वाटत होतं. माणूस एवढा राबतोय म्हणजे काही तरी होत असणारच.

चौथ्या दिवशी अमोनिया एकशे नव्वद. नवव्या दिवशी एकशे शहाण्णव.

दहाव्या दिवशी दर्शना आली. काकांची मुलगी, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. कसल्याशा फॉर्मवर वडिलांची सही हवी होती. सही घेऊन झाली आणि ती पिंपात डोकावली.

“पप्पा, हे काय?”

“गूळ.”

“कशाला?”

“जित्राबांना. अमोनिया खात नायती ती. ताकद नाय त्यांच्यात.”

दर्शनाने एकदा वडिलांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. “पण अमोनिया खाणारे गूळ खात नाहीत.”

काका हसले. “गूळ कोन खात नाय गं?”

“ते नाहीत खात. गूळ नाही, शेण नाही, भात नाही, काहीच नाही. कुठल्या सजीवाचं उष्टं त्यांना लागत नाही. त्यांचं जेवण म्हणजे अमोनियाच. हवेतल्या ऑक्सिजनने तो जाळतात आणि त्यातून जी ऊर्जा मिळते तिच्यावर जगतात. आणि अंग वाढवायला लागणारा कार्बन पाण्यात विरघळलेल्या वायूतून घेतात. आपण श्वासातून सोडतो ना, तोच वायू. झाडं घेतात तसंच. फक्त झाडांना ऊन लागतं, यांना तेही नको.”

मी ॲप्रनच्या खिशात हात घालून उभी. हे सगळं मी शिकले होते हो. एका परिच्छेदात, परीक्षेच्या आदल्या दिवशी. मार्क मिळाले, विषय संपला.

“मग गूळ कुठं गेला?” काकांनी विचारलं.

“दुसऱ्यांनी खाल्ला. गूळ खाणारे अर्ध्या तासात दुप्पट होतात. त्यांनीच सगळा ऑक्सिजन ओढून घेतला. अमोनियावाल्यांना दुप्पट व्हायला अख्खा दिवस लागतो, थंडीत दोन-दोन दिवस. अमोनियात दम फार कमी असतो, पप्पा. चिमूटभर वाढायला त्यांना ढीगभर जाळावा लागतो.” तिने गाळाच्या वड्यांकडे पाहिलं. “आणि गाळ किती दिवसांनी काढता?”

मीच म्हणाले, “रोज.”

“मग ते वाढायच्या आधीच त्या गाळाबरोबर बाहेर जातात.”

काका पिंपाच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले. एवढा वेळ त्यांचा हात एका जागी मी कधी पाहिला नव्हता. “म्हंजे नऊ दिस मी दुसऱ्याचीच पोरं पोसली,” ते म्हणाले, “आन आपली उचलून बाहेर टाकली.”

मला रडूच यायचं बाकी होतं. रडले नाही, चिडले. चिडणं मला सोपं जातं. मी दर्शनाला विचारलं, आता काय करायचं ते सांग. ती म्हणाली, हवा भरपूर, खायचा सोडा, आणि जिथे हे जीव आधीच राहतात अशा ठिकाणचा गाळ. घरांच्या सांडपाण्याच्या टाकीत ते असतात.

आता शेलूला आमच्या सोसायटीत दोनशे फ्लॅट आहेत आणि बागेखाली त्यांच्या सांडपाण्याची टाकी. सेक्रेटरीला मी काय-काय सांगितलं ते मला लिहवत नाही. शास्त्रीय कामासाठी हवाय, एवढं खरं होतं. मॅनेजर कमलेश सरांनी टँकर दिला, आणि अकराव्या दिवशी आमच्याच बिल्डिंगच्या संडासांचा गाळ चाळीसेक किलोमीटर प्रवास करून साजगावला आला. घरी आईला मी अजून हे सांगितलेलं नाही.

गाळ टाकीत पडला आणि काकांनी गाळाचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला साखळी घातली. कुलूप लावून चावी माझ्या हातात दिली. “तुमच्याकडं ठेवा. माझ्या हाताचा भरवसा नाय मला.”

मग सुरू झालं वाट पाहणं, आणि त्यात आमचे दोघांचेही हाल झाले. करायचं काय? सकाळी सोडा, संध्याकाळी सोडा, बस्स. हे जीव अमोनिया खाताना पाणी आंबट करत जातात आणि आंबट पाण्यात स्वतःच सुस्तावतात. सोड्याने तो आंबटपणा मरतो, शिवाय त्यांना अंगासाठी लागणारा कार्बनही त्यातूनच मिळतो. “भज्यात घालतात तोच ना?” काकांनी पोतं सोडताना विचारलं. तोच. दिवसातून दोनदा, मोजून. पण काका तिसऱ्यांदा पोत्याकडे जायचे आणि मी लॅबच्या खिडकीतून ओरडायची.

हात शिवशिवत होते त्यांचे. त्या दिवसांत त्यांनी टाकीचे सगळे कठडे रंगवले. कुंपणाचं गवत कापलं. वॉचमनच्या सायकलीला नवे ब्रेक लावले. मापात गाळ भरून ठेवायचे आणि त्याच्यासमोर उभे राहायचे, दोन मिनिटं, तीन मिनिटं, आणि मग निघायचेच. दर तासाला माझ्या दारात. “मॅडम, काय म्हणतोय?” आकड्याला ते असंच विचारायचे, आजारी माणसाचं विचारावं तसं.

“काका, सकाळीच सांगितलं ना? एकशे ब्याऐंशी.”

“सकाळचं झालं ते.”

बारावा दिवस, तेरावा, चौदावा. आकडा हलेना. मलाही झोप नीट लागत नव्हती. कर्जतच्या फलाटावर मी येरझाऱ्या घालायला लागले होते. नऊ दिवसांच्या गुळावर माझी सही होती. काकांनी ते एकदाही तोंडातून काढलं नाही, त्याचा मला जास्तच त्रास व्हायचा. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सतराव्या दिवशी मी सहज म्हणून दुसरी एक परीक्षा केली. अमोनिया खाणाऱ्यांत दोन जाती असतात. पहिली जात अमोनिया अर्धवट जाळून सोडते, दुसरी जात ते उरलेलं पुरतं जाळते. ते अर्धवट जळलेलं पाण्यात असेल तर औषधाचे दोन थेंब टाकल्यावर नळीतलं पाणी गुलाबी होतं. इतके दिवस होत नव्हतं. त्या दिवशी झालं. फिकट, पण गुलाबी.

मी नळी घेऊन टाकीपर्यंत पळत गेले. काकांनी ती उन्हात धरली, फिरवून फिरवून पाहिली.

“हे त्यांचं?”

“त्यांचंच. दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही.”

“म्हंजे खाल्लं त्यांनी,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

मग आकडा उतरायला लागला. आधी कुरकुरत, मग बरा. एकविसाव्या दिवसाच्या आसपास काकांनी डब्याच्या झाकणावर खडूने आकडे लिहायला सुरुवात केली. एकशे एकोणपन्नास. एकशे बत्तीस. एकशे बारा. पंचाण्णव. मी मनातल्या मनात पुढचे आकडे मांडून बघायची आणि तिसाव्या दिवसापाशी पोचले की कागद चुरगळायची. काकांना गणित येत नव्हतं असं नाही. सत्ताविसाव्या दिवशी ते म्हणाले, “एक-दोन दिस कमी पडणार, मॅडम.” मी म्हटलं, बघू. अठ्ठाविसाव्या दिवशी एकोणऐंशी आणि एकोणतिसाव्याला अडुसष्ट.

तिसाव्या दिवशी सकाळी कमलेश सर टाकीवर आले. सर वाईट माणूस नाही, घाईतला माणूस आहे. शेवटच्या टाकीला साध्या पाण्याची एक लाइन आहे, धुण्यासाठी. तिच्याकडे हात करून ते म्हणाले, “दोन तास हा व्हॉल्व्ह सोडा. गाव यायच्या आत चाळीस होईल. उद्या-परवा तसाही उतरणारच आहे, मग आज उतरला असं दाखवायला काय जातं?”

खरं सांगते, मला ते पटलं होतं. मी मान हलवलीसुद्धा होती.

काका म्हणाले, “सर, मी पाणी घालून दूध विकणारा नाय.” आणि जाऊन त्या व्हॉल्व्हला पाठ लावून उभे राहिले. गाव येईपर्यंत, दोन तास, तिथेच. पाय चाळवत होते, बोटं मोडत होते, पण जागा सोडली नाही. सर माझ्याकडे बघून निघून गेले.

अकरा वाजता गावातले चौघे आले. पुढे आबाजी, गावातले जुने भातशेतीवाले, ज्यांच्या शब्दाशिवाय तिथे पान हलत नाही. त्यांनी बाटली तीनदा खंगाळून भरली. मी त्यांच्यासमोर नमुना उकळायला ठेवला, वाफ धरली, मग थेंब-थेंब ॲसिड सोडत रंग बदलायची वाट पाहिली. हिरवं पाणी जांभळं झालं की थांबायचं. जेवढ्या थेंबांवर थांबायला हवं होतं तेवढ्यांवर रंग बदलला नाही. अजून थेंब. अजून. मग झाला जांभळा.

“किती?” आबाजींनी विचारलं.

“अठ्ठावन्न.”

काका दारात उभे होते. “पन्नास पायजे होतं,” ते म्हणाले. आत आले, रजिस्टरमध्ये अठ्ठावन्न लिहिलं, सही केली. टाकीपाशी जाऊन खुर्चीवरचा डबा उचलला आणि गावकऱ्यांच्या मागोमाग गेटबाहेर पडले. खिडकीतून मला दिसलं की आबाजी गेटवर त्यांचा दंड धरून काही तरी सांगतायत आणि काका मान हलवतायत. काय ते ऐकू आलं नाही. गेटला टाळं काही कुणी लावलं नाही.

पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ मीच सोडा टाकला. चौतिसाव्या दिवशी आकडा आला बावीस. मी परीक्षा पुन्हा केली. बावीस. मला आनंद व्हायला हवा होता, पण अंगाचा भडका उडाला. चार दिवस! चार दिवसांसाठी चौदा वर्षांचं काम सोडायला लावतं गाव? मी आकड्याची चिठ्ठी लिहिली, रिक्षा केली आणि थेट आबाजींच्या ओटीवर जाऊन उभी राहिले.

“हे बघा, बावीस. आता तरी काकांना कामावर जायला सांगा.”

आबाजींनी चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. “आगं बाय, आमी कुटं काडलाय त्याला? तवाच गेटवर म्हनलो मी, धर्मा, राहू दे. पान्याचा वास गेला, गुरं पानी प्याया लागली, आजून पंदरा दिस घे. ऐकतो कुटं! आन तीस दिस आमी मागितलेच नवते. आमी म्हनत व्हतो शिमगा होऊ दे, निवांत. त्यानंच तीस काडलं.”

शिमगा अजून आठवड्यावर होता. मी ओटीच्या पायरीवर बसलेच. मग उठले आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्धवाडीत, काकांच्या घरी गेले.

काका पत्र्यावर चढून खिळे ठोकत होते. येसूबाई दारात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी खालूनच चिठ्ठी दाखवली. ते उतरले, वाचली, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर वाटलं, झालं, आलेच हे.

“बावीस! जगली म्हना. हवा चालू हाय ना?”

“सगळं चालू आहे. चला आता.”

“नाय, मॅडम. बावीस त्यांचं हाय. माझं अठ्ठावन्नच.”

“आबाजी स्वतः राहू दे म्हणतायत!”

“तेच नको मला.” त्यांनी हातोडी खाली ठेवली, परत उचलली. “माझा बाप हिरू. त्यानं कवा काय कबूल केलं तर गाव असंच म्हनायचं. राहू दे रं हिरू. म्हंजे तू शब्द पाळला काय, नाय पाळला काय, कोन इचारतंय? त्याला लय लागायचं ते. आबाजीच्या घरातल्यानं शब्द दिला असता, तर त्याला कोन म्हनलं असतं का, राहू दे म्हनून?”

येसूबाईंनी शेंगांवरून मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले होते.

माझा राग कुठे जाईल? तो मी काकांवरच काढला. “पण गाव शिमग्यापर्यंत मुदत देत होतं! आज आपण आठ दिवस आधी पोचलो असतो. तीस बोलायची तुम्हाला घाई कसली होती?”

काका हातोडीचा दांडा अंगठ्याने घासत राहिले.

“त्या दिशी सभेत आबाजींनी मला पुढं बोलावलं. म्हनले, यातलं धर्माला कळतं, त्याला बोलू द्या. समदं गाव गप झालं. बाया, पोरं, म्हातारी मानसं, समदी माझ्या तोंडाकडं बघत व्हती. बावन्न वर्सांत आसं कदी झालं नवतं, मॅडम. आन मी म्हनलो, तीस दिस. टाळ्या वाजवल्या त्यांनी. मला.”